दोघांचं वजन

गोपिकाचं शेवटचं वजन घेतलं तेव्हा तिला उभं राहता येत नव्हतं. दवाखान्यातली नर्स मला म्हणाली, "तुम्ही त्यांना उचलून काट्यावर उभे राहा. आधी दोघांचं घेऊ, मग तुमचं एकट्याचं. वजा केलं की त्यांचं निघेल."

दोघांचं त्र्याण्णव किलो भरलं. तिला खाटेवर ठेवून मी पुन्हा उभा राहिलो. बासष्ट. म्हणजे माझी बायको एकतीस किलोची उरली होती.

तिच्या अन्ननलिकेत गाठ होती. घास उतरत नव्हता, पण जीभ शाबूत होती. तिला घरी आणलं तेव्हा तिने एकच मागणं केलं. "मले पानी पाजा, पन तुमी माह्यासमोर बसून जेवा. आन् चव सांगा."

मी स्वयंपाक करायचो. दोन ताटं वाढायचो. आधी माझं खायचो, मग तिचं, आणि प्रत्येक घासाला सांगायचो. पातोडीचा रस्सा कसा झाला, जवसाच्या चटणीत लसूण किती आहे. ती डोळे मिटून ऐकायची. मग म्हणायची, "तिखट जराकसं अजून पायजे होतं."

एवढं म्हणाली की तिचं जेवण झालं.

ती गेली. आमच्यात गेलेल्या माणसाचं पान वाढतात आणि गाईला देतात. तेरवीपर्यंत मीही दिलं. पण ते मनाला पटेना. तिने चव माझ्या तोंडून मागितली होती, गाईच्या नाही. तेरवीनंतर मी तिचं ताट रोज वाढू लागलो आणि रोज आपणच खाऊ लागलो. शेवटचा घास गिळला की घरात शांत वाटायचं. एखाद्या वेळी ताट वाढायचं राहिलं, तर भांड्यांच्या फळीजवळ कोणीतरी बसून आहे असं वाटत राहायचं. रागावून नाही. भुकेलं.

दीड वर्षात मी फुगलो. आम्ही इतवारीच्या मागच्या गल्लीत राहणारे विणकर. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, धोटा फेकायचा, हे माझं आयुष्य. आता खड्ड्यात उतरलो की वर येताना कोणाचा तरी हात लागायचा. शेजारचा चंपतराव हात द्यायचा आणि वर टोमणा मारायचा.

"काय गा नानाजी, बायकोचं रासन तुमीच खाऊन राहिले का?"

गल्लीतली माणसं हसायची. मीही हसायचो. तो खरं बोलत होता हे त्याला ठाऊक नव्हतं.

माझी मुलगी वच्छला उमरेडला दिलेली. ती आली तेव्हा मी जिना चढून वर गेलो आणि मला बराच वेळ बोलता आलं नाही. ओठ काळे पडले होते. ती घाबरली.

"बाबा, तुमी बी मले सोडून जाता का आता? चला. आजच चला."

एका डॉक्टरांकडे नेलं. आष्टीकर त्यांचं नाव. जाड माणसांच्या अंगात चरबी किती आहे हे ते मोजत असत. आधी मला काट्यावर उभं केलं.

"हात खाली सोडा," ते म्हणाले.

मी पाहिलं तर माझे दोन्ही हात कोपरात वाकून पुढे आले होते. कोणाला तरी उचलून धरल्यासारखे. मी ते खाली सोडले. काटा थरथरला आणि थांबला.

त्र्याण्णव.

तेव्हा दोघांचं भरलं होतं तेच. वच्छलाला त्या आकड्याचं काही नव्हतं. त्या दिवशी दवाखान्यात ती नव्हती.

डॉक्टरांनी खणातून एक चिमटा काढला. त्याला घड्याळासारखी तबकडी होती. "काटा सगळं मिळून सांगतो. हाड, मांस, पाणी, चरबी. मला नुसती चरबी हवी." त्यांनी दंडाची कातडी पुढून आणि मागून चिमटीत धरली, त्यावर चिमटा लावला. मग पाठीवर खवाट्याखाली, मग कमरेवर. दुखेल म्हणून मी दात आवळले होते. दुखलं नाही. शेजारी बसलेल्या माणसाला चिमटा काढावा आणि आपण बघावं, तसं वाटलं.

त्यांनी चारही आकडे जोडले, एका तक्त्यात माझं वय पाहिलं आणि म्हणाले, "अंदाजे छत्तीस किलो चरबी आहे, नानाजी. धडधाकट माणसात पाच-सहा किलो तरी असतेच. बाकीची तुमची नाही असं समजा. ती उतरवायची. नाहीतर हृदय थकेल."

छत्तीसातून पाच गेले. मी तिथेच, चपला घालता घालता वजाबाकी केली.

बाहेर आल्यावर वच्छला म्हणाली, "ऐकलं ना? आता एकच भाकर. आन् रातच्याले नुसतं वरण."

तिला कसं सांगणार? तिच्या आईला मी एकदा वाळताना पाहिलं होतं. चरबी उतरवायची म्हणजे तेच पुन्हा पाहायचं. एकतीसवरून पंचवीस, पंचवीसवरून वीस, आणि मग काहीच नाही. मरायचं मला भय नव्हतं. तिला दुसऱ्यांदा उपाशी ठेवायचं भय होतं.

त्या संध्याकाळी मी दोन ताटं वाढली. वच्छलाने पाहिलं.

"हे कोनाचं?"

"तुह्या मायचं."

"आन् खाते कोन?"

मी मान खाली घातली. मग तिने पदर खोचला आणि त्या ताटासमोर बसली. "असं हाय तर मायचं ताट मी खातो. तुमी तुमचं खा. झालं?"

मला वाटलं, बरं झालं. लेकच आहे तिची.

दुसऱ्या दिवशी मी न सांगता ती त्याच जागी बसली. भिंतीकडे पाठ, एक पाय मुडपून. गोपिका तशीच बसायची. वच्छलाला लग्नानंतर तिखट सोसत नाही, तिच्या सासरी सगळं फिकं असतं. मी पातोडी केली होती, लाल भडक. तिने पहिला घास घेतला. डोळे मिटले.

"तिखट जराकसं अजून पायजे होतं," ती म्हणाली.

माझा घास हातातच राहिला. ती भराभर खात होती. ताट संपलं, तिने हात न धुता पुन्हा पुढे केलं. "वाढा ना, बाबा. भूकच नाही जाऊन राहिली आज." तिचं नाक लाल झालं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी हात थांबत नव्हता.

मी उठलो. गुडघे धरून उठलो, पण कोणाचा हात न घेता उठलो. तिच्या पुढचं ताट ओढून घेतलं.

"बाबा! काहून?"

"बस झालं वं," मी म्हणालो. मी वच्छलाकडे बघून बोललो नाही. भांड्यांच्या फळीकडे बघून बोललो. "माह्या अंगावर राहिली तवर काही बोललो नाही. पोरीच्या अंगावर नोको बसू."

पातेल्यात उरलेलं सगळं त्या ताटात घेतलं, भाकर कुस्करली आणि गल्लीच्या तोंडाशी गवळ्याची गाय बांधलेली असते तिच्यापुढे ठेवलं. तिखट हुंगून ती मागे सरली. मी तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहिलो. शेवटी तिने जीभ लावली. चव कशी आहे हे मी कोणाला सांगितलं नाही.

परत आलो तर वच्छला मोरीत तोंड धूत होती. "किती तिखट केलं होतं बाबा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "जीभ जळून राहिली माही. मी खाल्लं तरी कसं?"

तिला मी गूळ दिला.

पावसाळा सरताना पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. तोवर मी एकच ताट वाढत होतो, एकट्याने खड्ड्यात उतरत होतो, एकट्याने वर येत होतो. घरात भांड्यांच्या फळीजवळ आता कोणी बसत नव्हतं. मी कितीदा तिकडे पाहायचो.

डॉक्टरांनी कमरेवर चिमटा लावला आणि या वेळी दुखलं. मी "आई गं" म्हणालो तसे ते हसले. "छान! निम्मी गेली. अजून उतरेल. चला, काट्यावर."

मी काट्यावर चढलो. काटा डोलत राहिला, थांबेना.

"हात, नानाजी," डॉक्टर म्हणाले. "हात खाली सोडा."

थोडा वेळ गेला. मग मी हात खाली सोडले.