कालचे पेशंट कुठे गेले?

"अगं, कालचे पेशंट कुठे गेले?" फोनवर नणंदेचा आवाज चढलेला होता. "रोज लिहितेय, रोज ते तुझं 'जतन करा' दाबतेय. सकाळी कोरं पान यायचं, वाटलं मागचं आत कुठेतरी असेल; आज शोधायला गेले तर पाटी कोरी!"

भावजयीने हातातलं काम बाजूला ठेवलं. टिपणं लिहायचं एक छोटं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत ती कामाला होती. नव्या लोकांच्या शंका सोडवायच्या आणि मदतीचं पान लिहायचं, हे तिचं काम. त्याच उत्साहात तिने ते सॉफ्टवेअर नणंदेच्या, म्हणजे ताईंच्या, गळ्यात मारलं होतं. ताई फिजिओथेरपिस्ट. कुणाचा गुडघा किती वाकला, कुणाचा खांदा कुठे अडला, हे सगळं चिठ्ठ्याचपाट्यांवर लिहून ठेवायच्या. "ताई, काही अवघड नाही हो. एकच फाइल, ब्राउझरमध्ये उघडायची, लिहायचं, जतन करायचं," असं म्हणत तिने स्वतःच ती फाइल त्यांच्या संगणकाच्या पडद्यावर समोरच ठेवून दिली होती.

जेवणाच्या सुट्टीत ती धावतच दवाखान्यात पोचली. भिंतीशी चालायचे दांडे, कोपऱ्यात मोठाले रबरी चेंडू, आणि मध्ये संगणकापुढे फुरंगटून बसलेल्या ताई. तिने गेल्या गेल्या माऊसकडे हात नेला.

"हात मागे घे," ताई म्हणाल्या. "पेशंट चालायला लागला की मी त्याचा पाय उचलून पुढे ठेवते का? मी काय करते ते नुसतं बघ."

तिने हात मागे घेतला. ताईंनी समोरची फाइल उघडली, एक ओळ लिहिली, 'जतन करा' दाबलं. कोपऱ्यात फाइल उतरल्याची खूण क्षणभर चमकली. ताईंचं तिकडे लक्षही नव्हतं. त्यांनी ब्राउझरची खिडकी बंद केली आणि समोरची तीच फाइल पुन्हा उघडली. ओळ गायब.

"बघ! मी खोटं बोलतेय का?"

आता भावजयीच्या लक्षात आलं. ताईंचं काहीच चुकलं नव्हतं. जतन केलं की ब्राउझर दरवेळी नवी फाइल बनवून डाउनलोडच्या फोल्डरमध्ये टाकत होता, आणि ताई दर सकाळी तिनेच ठेवलेली जुनी, रिकामी फाइल उघडत होत्या. मदतीच्या पानावर तिने मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, 'तुमची टिपणं तुमच्याकडे सुरक्षित राहतात.' तुमच्याकडे म्हणजे नेमकं कुठे, हे लिहायचं तिला सुचलंच नव्हतं. तिला ते इतकं पाठ होतं की सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

"ताई, डाउनलोडचा फोल्डर उघडा."

तिथे एकाच नावाच्या फायलींची रांग लागली होती, नावांपुढे कंसात आकडे. ताईंनी एक उघडली, दुसरी उघडली. "अरेच्चा! हे सगळे इथे दडून बसलेत होय!"

पण प्रत्येक फायलीत फक्त त्या त्या दिवसाचे पेशंट होते. दोघींनी बसून ते एका फायलीत गोळा केले. भावजय सांगत होती, माऊस ताईंच्या हातात होता. एक टिपण मात्र कुठेच सापडेना. एका निवृत्त बसचालकाचं. ते आले त्या दुपारी ताईंनी घाईत जतन न करताच खिडकी मिटली होती.

"ते गेलं," भावजय खालच्या आवाजात म्हणाली. "ते नाही परत यायचं."

ताईंनी एक चिठ्ठी ओढली आणि बसचालकांचं नाव लिहून ठेवलं.

ऑफिसात परतल्यावर तिने मदतीचं पान नव्याने लिहायला घेतलं. 'जतन केलं की नवी फाइल तयार होते. ती डाउनलोडच्या फोल्डरमध्ये जाते. जुनी फाइल होती तशीच राहते. पुढच्या वेळी नवीच उघडा.' साहेबांनी वाचून नाक मुरडलं. "लोक एवढं वाचत नाहीत हो."

"म्हणूनच हे सगळ्यात वर हवं," ती म्हणाली. साहेबांनी 'बघू' म्हणून विषय तिथेच सोडला. तिने ते पान छापून आपल्या टेबलावर ठेवलं.

दोन-चार दिवसांनी ताईंचा फोन आला. बसचालक येऊन गेले होते. टिपण हरवल्याचं ताईंनी त्यांना सरळ सांगून टाकलं आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. तेव्हा कुठे गृहस्थ हळूच म्हणाले, की ते मध्यंतरी न्हाणीघरात पडले होते. तेव्हापासून पाय उचलायची भीती वाटते, म्हणून घरी व्यायाम करतच नाहीत. लाजेपोटी पहिल्यांदा हे बोललेच नव्हते.

"टिपण असतं तर मी पुन्हा विचारलंच नसतं गं," ताई म्हणाल्या.

"म्हणजे झालं ते बरंच झालं म्हणायचं?" भावजयीने जरा आशेने विचारलं.

"डोंबलाचं बरं! त्या माणसाला आपलं दुखणं दोनदा सांगायला लागलं." लगेच त्यांनी विचारलं, "तू सांगितलेल्या त्या मदतीच्या पानाचं काय झालं?"

"साहेब बघू म्हणालेत."

"बघू नाही. आज जाऊन परत विचार."

तिने फोन ठेवला, छापलेलं पान उचललं आणि साहेबांच्या खोलीकडे निघाली.