एका जाड बुडाच्या परीक्षानळीची कैफियत

मित्रांनो, मी जुनी परीक्षानळी. वीतभर उंच, ओठाला एका बाजूने टवका उडालेली, पोटावर ओरखडे पडलेली. सोलापुरातल्या एका कॉलेजात जीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे, तिथे लाकडी स्टँडच्या कडेच्या भोकात मी उभी असते. उभं राहून राहून जीव कंटाळला आहे. पण बूड गोल असलं की बसता येत नाही, आणि आडवं पडावं तर घरंगळायची भीती. तुम्ही निदान वर्गात बाकावर डुलकी तरी काढता.

माझा जन्म भट्टीजवळ झाला. कारागिराने बूड मिटवताना माझ्या वाट्याला काच जरा जास्त आली आणि माझं बूड जाड झालं. मग भाताच्या तुसात गुंडाळून, खोक्यात घालून, बहिणींसकट मला आगगाडीने सोलापूरला धाडलं. खोकं उघडलं गिरिजाबाईंनी. त्या नुकत्याच कॉलेजात शिकवायला लागल्या होत्या. नव्याचे नऊ दिवस असतात, पण त्यांनी खरोखर प्रत्येक नळी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. माझ्यापाशी थांबल्या आणि प्रयोगशाळेचे शिपाई बिरप्पा यांना म्हणाल्या, "हिला आचेवर धरू नका. बूड जाड आहे, तडकेल."

तेव्हापासून मी बाजूला पडले. मला वाईट वाटायचं. माझ्या बहिणी ज्योतीवर नाचायच्या, त्यांच्यात निळं औषध ओतलं की ते विटकरी व्हायचं, मुलं "आहा" म्हणायची. पण एकेक करून त्या गेल्या. एक तापून फुटली, एक फरशीवर पडली, एकीत कुणी कडुनिंबाची काडी लावून घरी नेली. पुढे उत्क्रांतीचा धडा शिकवताना गिरिजाबाईंनी मला वर्गापुढे धरलं आणि म्हणाल्या, "ही नळी हुशार म्हणून टिकलेली नाही. मजबूत म्हणूनही नाही. जाड बुडामुळे आचेपासून लांब राहिली, म्हणून टिकली. निसर्गातली निवड अशीच असते. कोण चांगलं ते निसर्ग विचारत नाही, त्या जागी कोण निभावलं तेवढंच बघतो." सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसला. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणायचं तर ते एवढंच.

आच नको म्हणून माझ्याकडे एकच काम आलं. लाळेचा प्रयोग. तो सोपा आहे. नळीत बटाट्याच्या स्टार्चचं पातळ पाणी घ्यायचं. त्यात आयोडीनचे थेंब टाकले की ते गडद निळं होतं. मग त्यात थोडी लाळ घालायची आणि नळी मुठीत धरून ऊब द्यायची. लाळेत एक एन्झाइम असतं. ते स्टार्चची लांबलचक साखळी तोडतं, तिची साखर करतं. स्टार्च संपला की निळा रंग जातो. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, त्यामागचं गुपित हेच.

पण लाळ आणायची कुठून? पहिल्याच वर्षी काशम्मा नावाच्या मुलीने नळी खाली ठेवली. "बाई, पोरांच्या देखत थुंकू कशी मी?" बाकीच्या मुलीही माना खाली घालून उभ्या राहिल्या. मुलगेही लाजले, फक्त कबूल केलं नाही. तेव्हा बिरप्पा पुढे आले. "त्यात काय हाय बाई, मी देतो की लाळ. एकाच बीकरात भरून ठिवतो, समद्यांनी त्यातली घ्यावी." त्या दिवसापासून वर्गाची लाळ बिरप्पांची. चहाच्या गाड्यावर ते सांगायचे, "आमच्या थुंकीवर पोरं डाक्तर झाल्यात!"

आता खरी गोष्ट ऐका. प्रयोगाची तयारी मागच्या खोलीत व्हायची आणि तोवर मी तिथेच असायचे, म्हणून मला दिसायची. बिरप्पा लाळेचं बीकर आधी स्पिरिटच्या दिव्यावर ठेवायचे आणि चांगलं खळखळ उकळायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. त्यांच्या मनात एवढंच होतं की दुसऱ्याचं उष्टं लेकीबाळींच्या हातात तसंच कसं द्यायचं. विस्तवाला विटाळ नसतो. एक उकळी आणली की उष्टेपण गेलं. माणूस लाखातला होता. पण उकळीने उष्टेपणाबरोबर ते एन्झाइमही निकामी व्हायचं. नासलेल्या दुधाचं पुन्हा दूध होत नाही, तसंच ते. त्या लाळेत मग नुसत्या पाण्याइतकाही जीव राहायचा नाही.

म्हणजे त्या दिवसापासून तो प्रयोग एकदाही साधला नाही. मी निळी व्हायचे आणि निळीच राहायचे. मुठीत धरा, उन्हात धरा, गिरणीचा भोंगा होईपर्यंत धरा. आणि वर्ग काय लिहायचा? 'निळा रंग नाहीसा झाला.' सगळे लिहायचे. मागच्या वर्षीच्या मुलांची जर्नलं पुढच्या वर्षी फिरायची, निरीक्षण घरूनच लिहून यायचं. मी समोर गडद निळी उभी, आणि माझ्याच टवक्याला पेन टेकवून मुलं लिहितायत, रंग गेला. गिरिजाबाईही थकल्या होत्या. वर्ग वाढले, तपासायची जर्नलं वाढली, दुष्काळात तर नळ्या धुवायलाही पाणी नव्हतं. त्या जर्नलावर सही करायच्या, नळीकडे बघायच्या नाहीत. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातलाच प्रकार.

मग दाक्षायणी आली.

नवी पेठेत तिच्या वडिलांचं, चनबसप्पांचं, कापडाचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे पुसट पट्टे, बोलणं कमी, बघणं फार. बी.एस्सी.च्या आधीच्या प्री-डिग्रीच्या परीक्षेत तिच्या वाट्याला लाळेचा प्रयोग आला आणि मीही तिच्याच वाट्याला आले. तिने मला उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं, आणि लिहिलं, 'निळा रंग गेला नाही.' त्या वर्षीच्या परीक्षकांनी तांबडी रेघ मारली. बाकी सगळे पास झाले आणि ही एकटी नापास.

वर्षभराने ती परत परीक्षेला बसली. परीक्षेच्या आदल्या दिवशी गिरिजाबाईंपाशी येऊन रडली. "बाई, अप्पा म्हणतात या खेपेला नापास झालीस की कॉलेज बंद. दुकानाच्या वरच्या खोलीत शिलाईमशीन आहे, तिथं बसायचं. मला शिकायचंय हो, बाई."

गिरिजाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "मग ऐक माझं. तोच प्रयोग आला तर जर्नलमधलं उत्तर लिही. तुझी नळी चुकते गं, पुस्तक चुकत नाही. मला तू पास व्हायला हवीस." त्या हे मनापासून बोलल्या. म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं. नळीला तोंड असतं, पण ते बोलायला नसतं.

आणि नशीब बघा, तोच प्रयोग आला, आणि मीही तिच्याच टेबलावर. बाहेरगावचे परीक्षक गुरुसिद्धप्पा सर वयस्कर होते, सर्दीने हैराण होते आणि संध्याकाळच्या एसटीकडे डोळे लावून बसले होते. दाक्षायणीने स्टार्च घेतला, आयोडीन टाकलं, बिरप्पांच्या बीकरातली लाळ ओतली. मला मुठीत धरलं. तिचा तळवा घामाने ओला झाला होता. मी मनात म्हटलं, पोरी, लिहून टाक, रंग गेला म्हणून. दुधाने तोंड पोळलं की माणसं ताकही फुंकून पितात. तू एकटीने खरं लिहून काय होणार आहे?

तिने पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. शेजारची विजयमाला कधीच लिहून मोकळी झाली होती. दाक्षायणीने मला परत एकदा उजेडात धरलं आणि मग हळूहळू, एकेक अक्षर लिहिलं. 'निळा रंग गेला नाही.'

गुरुसिद्धप्पा सरांनी तिची उत्तरपत्रिका बघितली आणि तांबडी पेन्सिल उचलली.

"सर, आधी नळी बघा की," दाक्षायणी म्हणाली.

सरांनी चष्मा वर केला आणि मला हातात घेतलं. दाक्षायणी सोडली तर निळी असताना मला इतकं निरखून कुणी बघितलं नव्हतं. "निळं आहे खरं," ते पुटपुटले. "तुझा स्टार्च जास्त पडला असेल. पुन्हा कर. शिपाई, ताजी लाळ आणा."

"आनतो साहेब," बिरप्पा लगबगीने म्हणाले. "जरा दम धरा, उकळून आनतो."

सरांची पेन्सिल थांबली. "काय करून आणता?"

"उकळून की. दरवर्षी उकळतोच. उष्टं हाय ते साहेब, पोरींच्या हातात तसंच कसं द्यावं?"

गिरिजाबाईंनी टेबलाची कड धरली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना एका क्षणात सगळी वर्षं कळली, सगळी जर्नलं, सगळ्या सह्या.

"अहो, उकळल्यावर त्यात राहतं काय?" सर म्हणाले. "ते एन्झाइम मरून जातं!"

बिरप्पांना आधी काही उमगलं नाही. मग उमगलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "म्हंजी... मागच्या साली ही पोरगी माज्यामुळं नापास झाली व्हय?" त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

दाक्षायणी म्हणाली, "सर, न उकळलेल्या लाळेनं करून बघू का? माझ्या?"

तिला हे म्हणणं किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. मागे मुलांची रांग, समोर परका माणूस, आणि घरात पाण्याचा पेलासुद्धा ओठ न लावता प्यायची शिकवण. तिने माझ्यातलं ओतून टाकलं, मला धुतलं आणि पुन्हा निळी केली. चूळ भरली. मग भिंतीकडे तोंड करून, पदर आडवा धरून, ती माझ्यात थुंकली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिचे कान लाल झाले, पण तिने मला सोडलं नाही. मुठीत घट्ट धरून सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली.

आणि मित्रांनो, मला आतून काहीतरी सुटत असल्यासारखं वाटलं. गडद निळी होते, ती जांभळी झाले. मग तांबूस. मग फिकट पिवळी. मी इतकी हलकी कधीच झाले नव्हते.

"गेला की रंग!" सर म्हणाले. "आता ते आधीचं वाक्य खोड."

"नाही सर. ते पण खरं आहे." तिने खाली दुसरं वाक्य लिहिलं आणि दोन्हींच्या मधे कारण लिहिलं, पहिली लाळ उकळलेली होती.

मुलं बाहेर गेल्यावर गुरुसिद्धप्पा सरांनी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "बाई, ही एक खरी धरायची तर बाकीचा सगळा वर्ग खोटा ठरतो. काय करू, सांगा."

"मग आधी मला खोटं ठरवा," गिरिजाबाई म्हणाल्या. "हिलासुद्धा मीच सांगितलं होतं, जर्नलमधलं लिही म्हणून."

सरांनी नाक पुसलं. एसटीची वेळ होत आली होती. त्यांनी दाक्षायणीला पूर्ण गुण दिले. आणि बाकीच्या सगळ्यांनाही पूर्ण गुण दिले. खरं आणि खोटं एकाच पंगतीला जेवून उठलं.

निकालानंतर दाक्षायणी पेढे घेऊन आली. पहिला पेढा तिने बिरप्पांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात न घालता टोपीत ठेवला आणि "माज्या लेकी" एवढंच म्हणाले. मग तिने गिरिजाबाईंना विचारलं, "बाई, सगळ्यांना सारखेच गुण मिळाले. मग मी वर्षभर रडले ते कशाला?" त्यांनी तिला पाणी विचारलं. पुढे ती बी.एस्सी.ला गेली, एवढं कळलं. नंतरचं माहीत नाही. नळ्यांना पत्रं येत नाहीत.

पुढच्या वर्षापासून गिरिजाबाईंनी नियम केला. उकळायचं नाही, आणि ज्याने त्याने स्वतःची लाळ घ्यायची. मुलींसाठी त्यांनी कोपऱ्यात पडदा लावला. आता प्रयोग दरवेळी साधतो. रंग खरोखर जातो. पण मुलं? जर्नलं अजून फिरतातच, उत्तर अजून घरूनच लिहून येतं. 'निळा रंग नाहीसा झाला.' आता ते खरं असतं, म्हणून कुणाची चूक निघत नाही, एवढाच काय तो फरक. आधी मी निळी राहून निदान बोंब तरी मारत होते. आता मी खरं तेच दाखवते, आणि तरी कुणी वर बघत नाही. मित्रांनो, मी खरी दमले ती इथे.

मला जपून ठेवा, कापसात गुंडाळा, असं मी म्हणणार नाही. काच आहे, एक दिवस फुटणारच. माझं मागणं एवढंच आहे. लिहायच्या आधी मला एकदा उजेडात धरा. त्या वेळी मी जशी दिसेन, तसं लिहा. मग हातून सुटून माझे तुकडे झाले तरी माझी काही तक्रार नाही.