हाताळणीत चूक

"ते बटण दाबून काही होत नाही, मास्तर. तुम्हाला माहीतच आहे म्हणा," आवकबाई म्हणाल्या, आणि खुर्चीतल्या फायली उचलून त्यांनी मास्तरांना बसायला जागा करून दिली.

मास्तर बसले. खरं तर कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने आल्या आल्या बसायचं नसतं. आधी टेबलाखाली वाकायचं, डबा ओढून काढायचा, झाकणाचे स्क्रू सोडवायचे, मग घाम पुसत बसायचं. पण तीन जिने चढून मास्तरांचे गुडघे एवढे कुरकुरत होते की त्यांची समजूत काढल्याशिवाय वाकायची सोय नव्हती. या कचेरीचा जिना दरवर्षी दोन पायऱ्यांनी वाढतो, असं मास्तरांचं ठाम मत होतं. नऊ वर्षांपूर्वी तो एका दमात चढता येत असे. आता मध्ये दोनदा थांबावं लागतं, म्हणजे पायऱ्या वाढल्या हे उघडच आहे.

त्यांना सगळे टिचकीमास्तर म्हणत. कागदोपत्री दुसरं काहीतरी नाव होतं, पण ते फक्त वीजबिलावर यायचं. कॉम्प्युटर कितीही मेलेला असो, मास्तर त्याचं झाकण उघडत, पुढच्या बटणांच्या वायरी उपटून बाजूला करत, आणि आतल्या दोन बारीक पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक लावत. टिचकी मारावी तसं, क्षणभर. मशीन घुर्र करून उठे. बटण तरी दुसरं काय करतं, त्याच दोन पिना जोडतं. मग ज्याला आतलं कळतं त्याने बटण कशाला दाबायचं? बटण पाहुण्यांसाठी, असं ते म्हणत. एकदा पुरात बुडालेलं मशीन त्यांनी एका टिचकीत सुरू केलं होतं. त्यातून किती मासे निघाले, ते मात्र ऐकणारा कोण आहे त्यावर ठरत असे.

ही कचेरी जन्म-मृत्यूचे दाखले देणारी. बाई पूर्वी पुढच्या खिडकीत बसत आणि हेच मशीन त्यांच्यासमोर असे. मास्तरांनी एकाच दिवशी जोडून दिलेल्या अकरा मशीनांपैकी हे एक. पहिल्याच आठवड्यात बाईंनी सांगितलं होतं की बटण दाबून हे सुरू होत नाही. चालू असताना बटण दाबलं तर बंद व्हायच्या ऐवजी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आणि पडद्यावरून रीतसर बंद करून घरी गेलं, तर सकाळी उठतच नाही. बाहेर रांग लागलेली, कुणाला बापाचा दाखला हवा, कुणाला लेकीचा, आणि मशीन आडवं पडलेलं. शेवटी बाईंनी आपली आपण वाट काढली. संध्याकाळी मशीन चालू असतानाच भिंतीवरचा स्विच बंद करायचा. चालता चालता वीज गेली तर ती आल्यावर आपोआप सुरू व्हायचं, असं मशीनला आतून शिकवलेलं होतं. बाई रोज संध्याकाळी त्याला वीज गेल्याचं भासवत आणि रोज सकाळी आल्याचं.

पण रोज असा श्वास तोडल्यावर मशीन विसरभोळं होतं. टाइप केलेल्या नोंदी मधूनच नाहीशा होऊ लागल्या. तेव्हाच्या साहेबांनी मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी झाकण उघडलं, वायरी उपटल्या, टिचकी मारली, मशीन उठलं. वायरी होत्या तशा परत बसवून त्यांनी अहवाल लिहिला, "मशीन ठीक आहे. हाताळणीत चूक." दोन वर्षांत असे चार वेळा आले आणि चार वेळा तेच लिहिलं. चौथ्या अहवालानंतर खिडकीत नवं मशीन आलं, आणि बाईंना व्हरांड्याच्या टोकाला आवक-जावकच्या टेबलावर पाठवलं. सोबत हे जुनं मशीनही. दोघांची बदली एकाच कागदावर निघाली. हेडक्लार्कची जागा रिकामी झाली तेव्हा बाईंचा नंबर होता, पण साधा कॉम्प्युटर बंद करता येत नाही त्या बाईला कुठे वर बसवायचं, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. त्या हसण्यावरच निकाल लागला.

आणि आता हा मेमो. गेल्या महिन्यात तीन दिवसांच्या टपालाच्या नोंदी गेल्या. नव्या साहेबांनी खुलासा मागितला होता आणि मेमोच्या मागे मास्तरांचे चारही अहवाल टाचले होते. आज पाचवा जोडायचा. तोही तसाच निघाला, तर शेरा सर्व्हिस बुकात चढणार आणि आठ महिन्यांनी बाई रिटायर होतील तेव्हा तेवढाच त्यांच्या नावामागे राहणार. बाईंनी हे सगळं सांगितलं ते आलेलं टपाल वाचून दाखवावं तसं, एका सुरात. सांगताना एका पाकिटाची कड कात्रीने सरळ कापत होत्या.

"वाकायलाच हवं का आज?" मास्तर स्वतःशीच म्हणाले. गुडघ्यांनी नाही म्हटलं. मग आळसाने म्हणा, थकव्याने म्हणा, त्यांनी बसल्या जागेवरून हात लांबवला आणि पुढचं बटण दाबलं. या मशीनचं बटण ते जन्मात पहिल्यांदा दाबत होते.

काही झालं नाही.

भिंतीवरचा स्विच बंदच होता, तो बाईंनी चालू केला. मशीनने टूं केलं आणि पडदा उजळला. मास्तरांनी बटण पुन्हा दाबलं. पडदा काळा झाला, टूं झालं, आणि मशीन पहिल्यापासून सुरू व्हायला लागलं.

मास्तर खुर्ची पुढे ओढून त्या बटणावर झुकले. मग त्याच्या खाली कचेरीची नंबरपट्टी चिकटवलेली होती, तिची कड नखाने खरवडायला लागले. पट्टी जुनी, हट्टी, तुकड्यातुकड्यांनी निघाली. खाली हरभऱ्याएवढं दुसरं बटण निघालं. हे खरं म्हणजे नुसतं रीस्टार्टचं. मास्तरांनी ते दाबून धरलं. मशीन बंद पडलं. पुन्हा दाबलं. टूं.

"हे इथे कधी आलं?" बाईंनी विचारलं.

मास्तर खाली वाकले. गुडघ्यांना आज कुणी विचारलं नाही. झाकण निघालं. दोन बटणांच्या दोन वायरी पिनांपर्यंत आल्या होत्या, आणि एक दुसरीच्या जागी बसली होती. दोन्ही एकत्र पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या, दुहेरी गाठ, टोक तिरकं कापलेलं. सगळा धंदा प्लास्टिकच्या पट्ट्या वापरतो. दोऱ्याने बांधणारा एकच, कारण त्याचा बाप शिंपी होता.

त्यांना तो दिवस आठवला. अकरावं मशीन. घरी कुणी आजारी असतं, वाईट बातमी आलेली असती, तर त्यावर खापर फोडता तरी आलं असतं. पण तसं काहीच नव्हतं. त्यांना भूक लागली होती आणि डबा खाली सायकलला अडकवलेला होता. घाईघाईत टिचकी मारून बघितली, मशीन उठलं, मग वायरी खुपसल्या आणि ते जेवायला गेले.

वायरींची अदलाबदल करायला अर्धं मिनिट लागलं असतं. "बटण खराब होतं, बदललं" एवढं लिहिलं की मेमो टळला, बाई सुटल्या, मास्तरही सुटले. कुणाला पत्ता लागला नसता. हा विचार मास्तरांच्या मनात आलाच नाही असं सांगितलं, तर ती पुरातल्या माशांहून मोठी थाप होईल. चांगला आला, आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरून बराच वेळ बसला. पण मागे टाचलेले ते चार कागद मग तसेच खरे राहणार होते.

"काय झालंय?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही चार वेळा सांगितलं होतं मला, बटण चालत नाही म्हणून."

"पाच वेळा. एकदा फोनवर."

"वायरी उलट लागल्यात. पहिल्या दिवसापासून."

"कुणी लावल्या?"

मास्तरांनी दोऱ्याच्या गाठीवर बोट ठेवलं. "मी."

बाई कपाटाला टेकल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे मी करत होते ते बरोबर होतं?"

"दुसरं काही करण्यासारखंच नव्हतं. मला नसतं सुचलं."

"पण लिहिलंत तुम्ही."

"लिहिलं."

साहेबांना बोलावलं. साहेब तरुण, स्वभावाने बरे. त्यांनी दोन्ही बटणं स्वतः दोन-दोनदा दाबून बघितली आणि काळजीत पडले. बाईंच्या नाही, फायलीच्या. मास्तरांना बाजूला घेऊन त्यांनी समजावलं की आजच्यापुरतं लिहा, जुनं उकरलं तर बदली का केली, बढती का अडवली, सगळ्याचीच उत्तरं द्यावी लागतील. शिवाय वर्षभराच्या देखभालीचं काम पुढच्या महिन्यात द्यायचंय. नऊ वर्षं चूक केली असं जो माणूस स्वतःच्या हाताने लिहून देतो, त्याला ते काम कोणत्या तोंडाने द्यायचं? मास्तर म्हणाले की खरं आहे, नाही देता येणार. मग त्यांनी एक कोरा कागद मागितला. गावातल्या बाकीच्या कचेऱ्या कधीच दुसऱ्यांकडे गेल्या होत्या. ही एवढीच राहिली होती.

"या मशीनची जोडणी मी केली. चालू करायच्या आणि रीस्टार्टच्या बटणांच्या वायरी मी एकमेकींच्या जागी लावल्या. यापूर्वीचे चारही अहवाल मी बटण एकदाही न दाबता लिहिले. हाताळणीत चूक नव्हती." खाली सही. ती नेहमीपेक्षा मोठी आली.

मग त्यांनी दोरा कापला, वायरी जागच्या जागी बसवल्या, झाकण लावलं आणि टेबलाचा कोपरा धरून दोन हप्त्यांत उभे राहिले.

बाईंनी कागद वाचला, एकदाच. मग बाहेरून आलेल्या कुठल्याही कागदासारखा तो पुढ्यात घेतला, वर आवकचा शिक्का मारला, नंबर घातला, तारीख घातली, रजिस्टरात ओळ लिहिली. झेरॉक्स काढून तिच्यावरही शिक्का मारला आणि ती मास्तरांच्या पुढे धरली.

"ही तुमची पोच."

"मला कशाला?"

"नियम आहे." शिक्क्याची शाई वाळावी म्हणून त्यांनी कागद जरा हलवला. "एक प्रत आधीच्या साहेबांना पाठवली असती. पण ते गेल्या साली वारले. ज्या हेडक्लार्क झाल्या त्या लेकाकडे परदेशी गेल्या. हसलेल्यांपैकी इथे कुणी उरलंच नाही, मास्तर. आता वाचून दाखवू कुणाला?"

मास्तरांनी पोच घेतली. बाई म्हणाल्या, "उतरताना कठडा धरा. दुसऱ्या मजल्यावर एक पायरी खचलीय."

मास्तर कठडा धरून उतरले. खचलेली पायरी त्यांनी नीट ओलांडली. वळणावर दम खायला थांबले, तेव्हा वरून आवाज आला. टूं. मग शांतता. पंखा पूर्ण थांबेल एवढा वेळ. मग पुन्हा टूं. पुन्हा शांतता. पुन्हा टूं.

असं लागोपाठ चालू-बंद करणं मशीनला सोसत नाही, हे ते आयुष्यभर लोकांना सांगत आले होते. पोच खिशात घालून ते तिथेच उभे राहिले. आवाज किती वेळा आला ते त्यांनी मोजलं नाही. तो यायचा थांबला, तेव्हा पुढची पायरी उतरले.