आत राहिलेला स्टड

पाना नटावर बसवून त्याने जोर लावला, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. डाव्या हाताने त्याने तो कानाला लावला. उजवा हात पान्यावरच होता.

"ताई गेली," बारक्या म्हणाला.

ते त्याला ऐकू आलं. हाताला कळायला मात्र वेळ लागला असावा, कारण हात तसाच ओढत राहिला. आधी नट सुटतोय असं वाटलं, मग पाना एकदम हलका झाला. सायलेन्सर इंजिनाला धरून ठेवणारा स्टड, म्हणजे आट्यांचा लोखंडी दांडा, तुटला होता. नट आणि त्यात अडकलेला तुकडा फरशीवर पडला. इंजिनात रुतलेल्या भागाचं जेमतेम नखभर टोक बाहेर राहिलं.

"कधी?"

"आत्ता. तुम्ही कुठे आहात?"

"घरी."

"घरी काय करताय?"

त्याने पान्याकडे पाहिलं. खोटं सुचलं नाही.

"गाडी खोलली होती."

पलीकडून फोन बंद झाला.

डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, आता उतार आहे, लवकरच घरी न्या. त्यावर बायको दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाली होती, "रिक्षा नको हं. गाडी आणा. पण आधी ती पिठाची गिरणी बंद करा, नाहीतर लोक डबे घेऊन मागे लागतील." सायलेन्सरच्या सांध्यातून धूर फुटायचा आणि गाडी गल्लीभर वाजायची. तिचा भाऊ तिच्याजवळ बसायला आला, म्हणून हा आंघोळीला घरी आला होता. आंघोळीआधी हात काळे होतायत तर होऊ देत, सांधा घट्ट करून टाकू, असा त्याचा विचार होता.

भावाला घरात बारक्या म्हणत. नाव लहानपणी पडलेलं. आता केस पिकले होते आणि दारातून आत येताना त्याला जरा तिरकं व्हावं लागायचं. धंद्याने तो वेल्डर. ती गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येक माणसाला त्याने एकच वाक्य ऐकवलं होतं: "माझी बहीण जात होती आणि हे गाडी खोलून बसले होते." त्या दिवसापासून त्याने याला भाऊजी म्हणणं सोडलं. बोलायचं असलं की गाडीकडे बघून बोलायचा.

तरी दर रविवारी तो येत राहिला. न विचारता, न सांगता. स्टडच्या मुळाशी तेल सोडायचा, हातोडीने हलकं ठोकायचा, पक्कडीत टोक धरून बघायचा. चहा घ्यायचा नाही. का येतो, हे सांगायचा नाही.

आणि याला विचारायचं होतं ते वेगळंच. ती गेली तेव्हा खोलीत बारक्याशिवाय कोणी नव्हतं. ती काय म्हणाली? एकदा विचारून झालं होतं. "काही नाही," असं म्हणून बारक्याने पक्कड उगाचच पुसली होती. काही नाही म्हणणारा माणूस असा पक्कड पुसत नाही. गाडी एकदा झाली की बारक्या पुन्हा या दाराशी येणार नव्हता, आणि मग ते कधीच कळणार नव्हतं.

आज बारक्या वेल्डिंगचं मशीन घेऊन आला. आचेने इंजिनाला तडा जाईल म्हणून त्याने हा उपाय शेवटाला ठेवला होता.

"बॅटरीची वायर काढली का?"

"काढली."

"नट टोकावर धरायचा. पक्कडीने. हात हलला तर बोटं भाजतील, मग मला सांगायचं नाही."

"तुला कशाला सांगेन? तू फुंकर थोडीच मारणार आहेस?"

बारक्याच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्याने लगेच काच तोंडावर ओढली. निळा उजेड चरचरला. याने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर दोघांच्या सावल्या एकमेकींत मिसळून थरथरत होत्या. मग उजेड थांबला आणि जळक्या तेलाचा वास सुटला. नट आता स्टडच्या टोकाला चिकटला होता.

"जरा निवू दे. पार गार नाही, हाताला चटका बसेल इतपत. गार झाला की गंज पुन्हा आवळतो." बारक्या उकिडवा बसला. "हां. आता पाना लावायचा. एकदम ओढायचं नाही. थोडं सोडायचं, थोडं आवळायचं. आपण काढतोय हे त्याला कळता कामा नये."

याने पाना लावला. सोडलं, आवळलं. सोडलं, आवळलं. काही वेळ नुसतं लोखंड कुरकुरलं. मग तांबूस भुकटी गळली आणि पाना केसभर सरकला. तळहाताला ते स्पष्ट कळलं.

"येतोय," बारक्या पुटपुटला. "येतोय. थांबायचं नाही."

याने पाना सोडून दिला.

"काय झालं?"

"शेवटी काय म्हणाली ती?"

"आधी हे काढा. गार होतंय."

"होऊ दे."

"वेड लागलंय का? हातातोंडाशी आलंय."

"बारक्या, काय म्हणाली?"

बारक्या हात पुढे करून पाना घ्यायला गेला, तर याने तो उचलून मांडीखाली ठेवला. भरल्या वयाची दोन माणसं फरशीवर पोरांसारखी समोरासमोर बसली होती. बारक्या नटाकडे बघत राहिला.

"तिला मी तुम्ही वाटलो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"माझा हात धरला. म्हणाली, अहो, गाडी झाली का? म्हटलं, ताई, मी बारक्या. ऐकेचना. पुन्हा तेच. झाली का गाडी? जीव नुसता वरखाली होत होता तिचा. शेवटी म्हटलं, झाली."

"मग?"

"मग म्हणाली, चला तर. आणि पाय खाली सोडायला लागली."

"तू काय केलंस?"

"काय करणार? धरून ठेवली." बारक्याने बाहीने कपाळ पुसलं. "जन्मभर बारक्या, बारक्या करून माझ्यामागे फिरली. आणि जाताना मी कोणीच नाही. तुम्ही."

याने पाना मांडीखाली आणखी आत सरकवला. मग म्हणाला ते त्याला म्हणायचं नव्हतं.

"माझ्या नावाने खोटं बोललास."

"बोललो. खरं काय सांगायला हवं होतं? तुझा नवरा इथे नाही म्हणून?" बारक्याचा आवाज चढला आणि तिथेच बसला. "ती गेल्यावर खाली आलो, फोन लावला, तर तुम्ही म्हणता गाडी खोललीय. आता झाली म्हणून बसलोय मी तिला. म्हणून येतो. नाहीतर तुमच्या दाराची मला काय हौस आहे?"

याने मांडीखालचा पाना काढला. नटावर बसवला आणि ओढला. सोडणं नाही, आवळणं नाही, सरळ ओढला. बारक्याने त्याचं मनगट धरलं, पण तोवर पाना हलका झाला होता. नट पान्यासोबत आला. त्याच्या पोटात स्टडचं टोक होतं.

बारक्याने वाकून भोकावर बोट फिरवलं.

"आत तुटला," तो म्हणाला. "आता धरायला काही नाही. ड्रिल मारावं लागेल. वाकडं गेलं तर इंजिनाचं हेडच बाद."

"चला तर, म्हणाली?"

"हो."

"अजून काही?"

"नाही."

बारक्याने वायर गुंडाळली, मशीन उचललं आणि तिरका होऊन दारातून बाहेर पडला. पुढच्या रविवारचं तो काही बोलला नाही, यानेही विचारलं नाही. सायलेन्सर भिंतीला टेकून उभा होता. स्टड आत होता. गाडी झालेली नव्हती.