सव्वातीन तास

"सव्वातीन तास, मावशी," शेजारचा ललित मोबाइलकडं बघत म्हणाला. "नाशिक ते अनिनी. विमानानं सव्वातीन तास."

सखुबाईनं शेवंतीची पाटी बांधावरच ठेवली. "मंग दुपारपर्यंत पोचते की मी."

अरुणाचलच्या डोंगरातल्या त्या गावाहून नुकताच जावयाचा, स्वराजचा फोन आला होता. तो तिकडं रस्त्याच्या कामावर इंजिनिअर होता. लेकीला, वेदिकाला, सातवा महिना. पुढच्या आठवड्यात ती बाळंतपणाला माहेरी येणार होती. पहाटेपासून अंगावरून रक्त जात होतं, म्हणून दवाखान्यात नेली होती. पुढचं ऐकायच्या आत फोन तुटला.

ललितचा आवाज उतरला. "मावशी, हे सरळ रेषेत मोजलेलं आहे. तिथं विमानतळच नाही. ओझरहून दिल्ली, तिथून दिब्रुगड, मग डोंगरातनं गाडी. उद्या संध्याकाळ होईल. तीही रस्ता उघडा असला तर."

"मी येतो बरोबर," तिचा नवरा रंगनाथ बांधाजवळच्या खाटेवरून उठू लागला. त्याच्या छातीचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं.

"तुमाला चार पायऱ्या चढवत नाय," ती म्हणाली. "घरी बसा. फोन लावत राहा."

विमानात एकच जागा उरली होती. सखुबाई एकटीच निघाली.

उंचीच्या भीतीनं दिल्लीपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या विमानात चढताना स्वराजचा फोन लागला. "आई, आत नेलंय तिला. डॉक्टर म्हणतात, दोघांपैकी..." तेवढ्यात हवाई सुंदरीनं हात जोडून फोन बंद करायला सांगितला.

आता तिला उंचीची भीती राहिली नव्हती. फोन चालू असताना तो वाजला नाही तर काही झालेलं नाही, असं मनाला सांगता येत होतं. आता बातमी येऊन ठेपली असली तरी तिला कळणार नव्हतं. वणीच्या सप्तशृंगीला काय मागावं? दोघं मागितली तर देवी आपल्याला हावरी म्हणेल. एकच मागायचं, तर कोण? शेवटी ती पुटपुटली, "माझी वेदिका." आणि आपण काय बोलून गेलो ते कळताच तिनं तोंडावर हात ठेवला.

विमान उतरलं. सगळ्यांचे फोन वाजू लागले. माणसं उतरून गेली तरी सखुबाई बसून होती. शेवटी त्या हवाई सुंदरीनंच विचारलं, "माँजी, फोन चालू कर दूँ?" तिनं फोन पुढं केला.

स्वराजचा नंबर लागला. पण बोलली वेदिका, अगदी बारीक आवाजात.

"आई... मुलगा होता गं."

सखुबाईनं पुढच्या सीटची कड घट्ट धरली. "ऐकलं मी. तू बोलू नको, बाळा. निजून राहा. मी येते."

बाहेर डोंगरात जाणारी गाडी मिळाली. शहर सुटायच्या आत तिनं एका किराणा दुकानापाशी गाडी थांबवायला लावली. ओवा मागितला, डिंक मागितला, सुंठ मागितली. पोर बाळंतीण होती. अंगात थंडी शिरून चालणार नव्हतं.

पुड्या बांधता बांधता दुकानदार हसून म्हणाला, "घर में बच्चा हुआ है?"

सखुबाईनं पदर सावरला.

"हां," ती म्हणाली. "लडका."