जावयाच्या गाडीचं तेल

गावभर तेल मागत फिरायचं आणि घरात विचारायचं नाही, ही जावयाची रीत सासूबाईंच्या डोक्यात जात असे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. रोज दोनशे माणसांचं जेवण त्यांच्या हाताखालून कारखान्यांत जायचं. कढईतलं तेल किती वेळा वापरायचं आणि कधी उतरवायचं, हे त्यांना शाळेने नव्हे, चटक्यांनी शिकवलं होतं. आणि हा शिकलेला गडी मागच्या शेडमध्ये वापरलेल्या तेलाचं डिझेल करायचा, तेही कुठल्या कुठल्या हॉटेलांतले डबे उचलून आणून.

मागच्या आठवड्यात थंडी पडली आणि त्याच डिझेलवर चालणारी जेवणाची गाडी चढावरच बसली. लेक स्टिअरिंगवर, मागे भांडी निवत चाललेली. फिल्टर उघडला तर आत मेणासारखा गोळा. त्या दिवशी लेकीने नवऱ्याला बजावलं, की पुन्हा एकदा गाडी अडली तर पंपावरचं डिझेल भरायचं आणि शेड रिकामी करायची. तीन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून त्याने ती शेड उभी केली होती. तेव्हापासून तो जेवताना मान वर करेना.

सासूबाईंना कीव आली, पण ती दाखवतील त्या सासूबाई कसल्या. त्या तडक शेडमध्ये गेल्या आणि तेल दाखवा म्हणाल्या. जावयाने कौतुकाने एका नव्या हॉटेलातला डबा पुढे सरकवला. पिवळंधमक, तळाला गाळ नाही. गाडी अडली ती याच तेलावर, पण चूक डिझेल करताना घालायच्या कॉस्टिक सोड्याच्या मापात झाली असणार, असं त्याचं म्हणणं. दुसरा डबा मासे तळणाऱ्याकडचा, काळाकुट्ट. सासूबाईंनी दोन्हींतलं वाटी वाटी तेल घेतलं, आपल्या कढईतलंही वाटीभर घेतलं आणि तिन्ही वाट्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या.

सकाळी पिवळ्या तेलाची वाटी उलटी धरली तरी थेंब पडेना. पामतेल ते, गोठायचंच. जावई रंगावर भाळला होता. काळं तेल गोठलं नव्हतं, पण वास नाकात जाऊन बसत होता. जावयाने त्यातल्या चमचाभर तेलात हळदीचं पाणी घालून सोड्याचे थेंब सोडायला सुरुवात केली; तेल जितकं जळकं, तितका सोडा ते जास्त पितं. चांगलं तेल चार थेंबांत लाल रंग धरतं. इथे वीस झाले तरी काही नाही. याचं डिझेल कमी आणि साबणच जास्त होईल, हे त्याने स्वतःच कबूल केलं.

सासूबाईंचं तेल गोठलं नव्हतं, आणि तिसऱ्याच थेंबाला लाल झालं. त्यांनी पदर सावरला. तेवढ्यात जावई चाचरत म्हणाला, की जरा तापवूनही बघू या. वाटीत उरलेलं कोरं तेल तापवलं, तर ते तडतडलं. म्हणजे आत पाणी, आणि पाणी असलं की पुन्हा साबणच.

त्यांच्या तेलात आजवर कुणी खोट काढली नव्हती. आधी कढईलाच दोष द्यावा असं त्यांच्या मनात आलं. पण सकाळच्या घाईत धुतलेल्या बटाट्याच्या काचऱ्या न पुसताच तेलात जातात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? उद्यापासून पुसून टाकीन, त्या म्हणाल्या. आणि हे तेल तडतड थांबेपर्यंत मंद तापवायचं, निवलं की वरचं वरचं ओतून घ्यायचं. करपलेलं सुधारत नाही, पाणी मात्र काढता येतं.

चौथ्या दिवशी अंगणातल्या बादलीतलं पाणी गोठलं. सासूबाईंच्या तेलाचं डिझेल भरून लेक त्याच चढावरून गाडी घेऊन गेली आणि रिकामी भांडी घेऊन वेळेत परत आली. शेडबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

सासूबाईंनी जावयाला स्वयंपाकघरात बोलावलं आणि तीन वर्षांत इथे का विचारलं नाही, ते विचारलं.

"भीती वाटायची, आई. तुमच्या तेलात खोट निघाली असती तर तुम्हाला सांगायचं कुणी?"

"तुम्ही सांगितलीत, आणि छप्पर काही कोसळलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, तुमचा हात चोख आहे, नजर कच्ची आहे. यापुढे तेल मी निवडणार. मला विचारल्याशिवाय एक डबा त्या शेडमध्ये जायचा नाही."