गिरणीवाल्याची बायको

“काशिरामच्या गिरणीत गावाचा भात भरडतात, नि घरात बायको नाचणी खाते. लोकं काय म्हणतील, गोदू?” गंगाबाईने भावजयीच्या ताटाकडे बघून तोंड वाकडं केलं.

“म्हणू दे, वन्सं. त्यांना दुसरं काम काय हाय?” गोदूबाईने भाकरीचा तुकडा मोडला.

काशिरामची भातगिरणी पनवेलच्या बाजारामागे होती. गोदूबाईला मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी भात, गूळ, साखर बंद केली. नाचणी, पालेभाजी, मासळी खा म्हणाले. वर, मन आनंदी ठेवा, असंही बजावलं. पथ्य तिने निमूट पाळलं. आनंदासाठी तिला लोक पुरले. जिलबीसाठी पंगतीत माना लांबवणारे, ‘एकीने काय होतंय’ म्हणणारे, ‘खाऊन मेलेलं बरं’ असं भरल्या तोंडाने सांगणारे. अशांच्या मधून ती पाणी पिऊन उठे, तेव्हा सगळे तिला हातभर खुजे दिसत. तेवढ्यावर तिचा दिवस मजेत जाई.

गंगाबाई तर त्या सगळ्यांची म्होरकी. तिलाही तोच आजार निघाला होता, पण ती पडसं झाल्यासारखं सांगे आणि तांदळाच्या भाकरीवर काकवी ओतून घेई. विधवा नणंद, नवऱ्याची थोरली बहीण, म्हणून गोदूबाई तोंडावर बोलत नसे. मनात मात्र तिला ती खादाड म्हशीहून वेगळी वाटत नसे.

लावणीच्या दिवसांत सासरच्या शेतावर गंगाबाईच्या पायात काटा मोडला. जखम चिघळली, पाय काळा पडला. मुंबईला नेऊन तो कापला, तरी विष अंगात भिनलंच. आता घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. काशिरामने तिला माहेरी आणलं.

“सांगत होते तुमाला,” गोदूबाईच्याने राहवलं नाही.

“व्हय. आता थोडा गूळभात दे.”

काशिराम दाराशी उभा होता. तो बायकोकडे बघून म्हणाला, “तू म्हणशील तसं.”

मरायला टेकली तरी जिभेचे चोचले सुटत नाहीत, गोदूबाईच्या मनात आलं. ओठांवर आलेलं बोलायला ती वळली. गंगाबाई मान फिरवून वाकळेचा दोरा उपसत होती, मागितल्याची लाज वाटावी तशी.

गोदूबाई चुलीपाशी गेली. नवा तांदूळ, गूळ, ओलं खोबरं, वेलची. घरभर वास सुटला. तिने नणंदेचं डोकं मांडीवर घेतलं आणि घास भरवला.

“मीठ घातलंस का गं चिमूटभर?”

“तुमीच सांगा, वन्सं. मी नाय चाखला.”

गंगाबाईने घास तोंडात घोळवला. “घातलंस,” ती म्हणाली. आणखी दोन घास खाऊन तिने डोळे मिटले.

गोदूबाईच्या बोटांना गूळभात चिकटला होता. ती मागच्या दारी गेली आणि तांब्यातलं पाणी संपेपर्यंत हात धूत राहिली.